उभी तार, आडवी तार आणि जमिनीचा वाटा

परवाना घेऊन छंद आणि अभ्यास म्हणून बिनतारी संपर्क साधणाऱ्या हौशी रेडिओचालकांमध्ये, म्हणजे ज्यांना जगभर ‘हॅम’ म्हणतात त्यांच्यामध्ये, काही वाद पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहेत. त्यांतला सर्वांत चिवट वाद कमी वारंवारतेच्या पट्ट्यांवर अँटेना उभी असावी की आडवी, हा आहे. त्याचे मूळ रेडिओच्या जन्माइतके जुने आहे. हाइन्‍रिख हर्ट्झ याने १८८७-८८ मध्ये विद्युतचुंबकीय तरंग सिद्ध केले तेव्हा त्याच्या उपकरणाला दोन सारख्या भुजा होत्या आणि जमिनीशी त्यांचा काही संबंध नव्हता. मार्कोनीने त्यांतली एक भुजा उंच उभारली, दुसरीच्या जागी प्रत्यक्ष जमीन जोडली आणि त्यातून लांबचा पल्ला गाठला. जुन्या पाठ्यपुस्तकांत दोन टोके मोकळी असलेल्या अँटेनाला हर्ट्झ अँटेना आणि जमिनीचा आधार घेणाऱ्या उभ्या अँटेनाला मार्कोनी अँटेना म्हणत असत. हे वर्गीकरण आज मागे पडले असले तरी वादाचे मर्म त्यातच आहे, कारण उभ्या आणि आडव्या तारेतला खरा भेद तारेच्या दिशेपेक्षा तिने जमिनीशी केलेल्या व्यवहारात असतो. हा व्यवहार जागोजागी बदलतो. म्हणूनच एका देशात अनुभवाने सिद्ध झालेला निकाल दुसऱ्या देशात जसाच्या तसा लागू पडेल असे मानणे चुकीचे ठरते, आणि भारतीय हौशी चालकांच्या हाती आलेले बहुतेक निकाल तर उत्तर अमेरिका आणि युरोप येथे लागलेले आहेत.

कमी वारंवारतेचे पट्टे म्हणजे १६०, ८० आणि ४० मीटरचे पट्टे. हे आकडे त्या तरंगांच्या ढोबळ लांबीचे आहेत. तीनशे या संख्येला मेगाहर्ट्झमधील वारंवारतेने भागले की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते, त्यामुळे ३.५ मेगाहर्ट्झचा तरंग जवळजवळ ८६ मीटर आणि १.८३ मेगाहर्ट्झचा सुमारे १६४ मीटर लांब भरतो. तरंगाच्या निम्म्या लांबीची, मधोमध तोडून तेथून केबल जोडलेली तार म्हणजे डायपोल. ती ४० मीटरच्या पट्ट्यावर सुमारे २० मीटर, ८० मीटरवर ४० मीटर आणि १६० मीटरवर जवळजवळ ८० मीटर लागते. पाव तरंगाची उभी अँटेना याच्या निम्मी, म्हणजे अनुक्रमे सुमारे १०, २० आणि ४० मीटर उंच असते. या आकड्यांत सगळी अडचण सामावलेली आहे: दूरचित्रवाणीच्या किंवा मोबाइलच्या अँटेना आपल्या तरंगांच्या तुलनेत जमिनीपासून कितीतरी उंच असतात, तर या पट्ट्यांवरची अँटेना तरंगांच्या हिशेबाने जमिनीला जवळजवळ चिकटलेलीच असते आणि जमिनीला वगळून तिचा विचारच करता येत नाही.

अँटेनातून निघालेल्या ऊर्जेचा एक भाग थेट आकाशाकडे जातो, दुसरा जमिनीवर आपटून परावर्तित होतो, आणि दूरवर पोहोचणारा तरंग या दोहोंच्या बेरजेने बनतो. आडव्या तारेच्या बाबतीत परावर्तनात तरंगाची कला उलटते, म्हणजे चढाच्या जागी उतार येतो. त्यामुळे क्षितिजाच्या दिशेने थेट आणि परावर्तित तरंग परस्परांना खोडून काढतात आणि ऊर्जा वरच्या कोनांकडे ढकलली जाते. तार किती उंच आहे यावर हा कोन ठरतो. उंची पाव तरंगाएवढी असेल तर सर्वाधिक प्रारण सरळ डोक्यावर जाते, अर्ध्या तरंगाएवढी असेल तर ते क्षितिजापासून ३० अंशांवर उतरते, आणि पूर्ण तरंगाएवढी उंची मिळाली तर साडेचौदा अंशांपर्यंत येते. ८० मीटरच्या पट्ट्यावर अर्ध्या तरंगाची उंची म्हणजे ४३ मीटर, चौदा मजली इमारतीची उंची. सामान्य माणसाला झाडाचा किंवा दोन बांबूंचा आधार घेऊन जी १२ मीटर उंची मिळते, ती या पट्ट्यावर तरंगाच्या सातव्या भागाएवढी असते. तेथून डोक्यावर जेवढी शक्ती जाते तिच्या साधारण सातवा हिस्सा २० अंशांवर आणि पंचविसावा हिस्सा १० अंशांवर जातो. लांबच्या देशांशी होणारे संपर्क बहुधा अशाच लहान कोनांतून होतात आणि उभ्या अँटेनाचे समर्थक याच आकड्यांवर बोट ठेवतात.

त्यांचा पुढचा युक्तिवाद असा की उभ्या तारेच्या परावर्तनात कला उलटत नाही, म्हणून क्षितिजाच्या दिशेने दोन्ही तरंग एकमेकांना बळ देतात आणि केवळ १० किंवा २० मीटर उंचीच्या खांबाला ते काम जमते ज्यासाठी आडव्या तारेला मनोरा उभारावा लागला असता. आदर्श, संपूर्ण संवाहक जमिनीवर हे अक्षरशः खरे आहे. तशी जमीन मात्र कोठेच नसते आणि प्रत्यक्षातली जमीन उभ्या अँटेनाकडून एकदा नव्हे, दोनदा कर वसूल करते. हौशी चालकांच्या चर्चांमध्ये या दोन करांची सरमिसळ इतक्या सर्रास होते की त्यांचा वेगवेगळा विचार केल्याशिवाय पुढे जाणे व्यर्थ आहे.

पहिला कर अँटेनाच्या पायाशीच द्यावा लागतो. उभ्या तारेत वर जाणाऱ्या प्रवाहाला परतीची वाट जमिनीतून मिळते आणि मातीचा रोध त्या वाटेवर उष्णतेच्या रूपाने शक्ती खातो. पाव तरंगाच्या उभ्या अँटेनाचा प्रारणरोध, म्हणजे शक्तीचे तरंगात रूपांतर होते त्या उपयुक्त ‘रोधा’चे मूल्य, सुमारे ३६ ओहम असते; जमिनीचा रोध २० ओहम भरला तर दिलेल्या शक्तीपैकी चौसष्ट टक्के बाहेर पडते, जे सुसह्य आहे. परंतु जागेअभावी खांब निम्म्या उंचीचा केला की प्रारणरोध घसरून सात ओहमांच्या आसपास येतो आणि त्याच जमिनीवर जवळजवळ तीन-चतुर्थांश शक्ती माती तापवण्यात जाते. यावरचा उपाय म्हणजे रेडियल, खांबाच्या पायापासून चहूकडे चाकाच्या आऱ्यांसारख्या पसरलेल्या तारा. ब्राउन, लुइस आणि एपस्टाइन या अमेरिकेतील तीन अभियंत्यांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांनी या तारांचे महत्त्व निर्विवाद केले, आणि १२० रेडियलांचा जो संकेत अमेरिकेतल्या मध्यम लहरींच्या केंद्रांसाठी रूढ झाला त्याच्यामागे हेच काम होते. हौशी चालकाला एवढ्या तारांची गरज नसते. पहिल्या सोळा-वीस तारांनी होणारा लाभ पुढच्या शंभरांच्या लाभापेक्षा मोठा असतो, आणि दोन-तीन मीटर उंच ताणलेल्या चार रेडियलांनीही चांगले काम भागते असे पुढील काळातील मोजमापांतून दिसून आले आहे. शेतात वा माळावर उघड्या पडलेल्या तांब्याच्या तारेचे आयुष्य किती असते याचा हिशेब कोणत्याही सूत्रात बसत नसल्यामुळे, उंच ताणलेल्या चार तारांचा हा पर्याय आपल्याकडे अधिक व्यवहार्य ठरावा.

दुसरा कर खांबापासून दूर, शेकडो मीटर पलीकडच्या जमिनीवर लागतो आणि तो रेडियलांनी माफ होत नाही. उभ्या ध्रुवणाच्या तरंगाला, म्हणजे ज्याचे विद्युतक्षेत्र उभ्या दिशेत कंप पावते त्याला, खऱ्या जमिनीवरून एका विशिष्ट कोनात फार दुबळे परावर्तन मिळते आणि त्या कोनाच्या खाली कला आडव्या तरंगासारखीच उलटू लागते. प्रकाशशास्त्रातल्या ब्रूस्टर कोनाशी साम्य असल्यामुळे याला आभासी ब्रूस्टर कोन म्हणतात. ८० मीटरच्या पट्ट्यावर मध्यम प्रतीच्या जमिनीसाठी तो दहा अंशांच्या आसपास आणि कोरड्या, खडकाळ जमिनीसाठी वीस अंशांच्या घरात असतो. ज्या लहान कोनांसाठी उभी अँटेना उभारायची, नेमके तेच कोन निकृष्ट जमीन खाऊन टाकते. जमिनीचा जो भाग हे परावर्तन घडवतो तो चालकाच्या कुंपणाच्या आत क्वचितच असतो, त्यामुळे त्यात सुधारणा करणे त्याच्या हाती नसते. आडव्या तारेला मात्र लहान कोनांवर जमिनीची प्रत जवळजवळ जाणवत नाही. तिला फक्त उंची हवी असते. थोडक्यात, आडवी अँटेना उंचीवर आणि उभी अँटेना मातीवर अवलंबून असते, आणि उंची कष्टाने मिळवता येते, तशी माती मिळवता येत नाही.

मातीचा हा मुद्दा समुद्रकिनारी जाताच पार उलटा होतो. मध्यम प्रतीच्या जमिनीची विद्युत संवाहकता मीटरला ०.००५ सिमेन्स धरतात, तर समुद्राच्या पाण्याची सुमारे ५ सिमेन्स, म्हणजे हजारपट असते, आणि त्या पाण्यावर आभासी ब्रूस्टर कोन अर्ध्या अंशाच्याही खाली जातो. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘टीम व्हर्टिकल’ या नावाने ओळखल्या गेलेल्या हौशी चालकांच्या गटाने जमैकाच्या किनाऱ्यावर पाण्यालगत साध्या उभ्या अँटेना लावून जागतिक स्पर्धांत जे यश मिळवले, त्यामागे हेच गणित होते. कोकणातल्या चालकाने याचा अर्थ नीट लावायला हवा. पुळणीवर किंवा भरतीचे पाणी येणाऱ्या खाजणाच्या काठी उभा केलेला दहा मीटरचा खांब पश्चिमेकडे असे काम करेल की देशावरच्या उंच मनोऱ्यालाही ते कठीण जावे. पण तेथून चारदोन किलोमीटर आत, जांभ्याच्या कोरड्या सड्यावर तोच खांब नेला तर त्याचा बराचसा गुण किनाऱ्यावरच राहून जातो. घाटावर पुन्हा वेगळी तऱ्हा आहे: खोल, ओल धरणाऱ्या काळ्या मातीत उभ्या अँटेनाला बरे दिवस असतात, तर मुरमाच्या पातळ थराखाली बेसाल्टचा खडक असलेल्या माळावर तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. या पट्ट्यांवरचे तरंग जमिनीत काही मीटर खोल शिरत असल्यामुळे वरवरच्या हिरवळीवरून जमिनीची पारख करणेही फसवे असते.

आतापर्यंतची चर्चा, जणू दूरदेशीचा संपर्क हेच प्रत्येक अँटेनाचे ध्येय असते, अशा गृहीतावर चालली. हे गृहीत हौशी रेडिओच्या साहित्यात मुरलेले आहे. बेल्जियमचे जॉन डेव्होल्डेर यांचा ‘लो-बँड डीएक्सिंग’ हा या विषयावरचा सर्वमान्य ग्रंथ नावाप्रमाणेच लांबच्या संपर्कांना वाहिलेला आहे, आणि त्या हेतूपुरता तो अजोड आहे. परंतु पूर, वादळ किंवा भूकंप यांच्या वेळी ज्या संपर्काची गरज पडते तो मुंबईहून टोकियोशी नव्हे, तर मुंबईहून महाड किंवा सांगलीशी लागतो. आयनांबरातल्या, म्हणजे वातावरणातल्या विद्युतभारित थरांतल्या, तरंग परतवणाऱ्या मुख्य थराचा तळ सुमारे ३०० किलोमीटर उंच धरला तर मुंबई आणि पुणे यांच्यातल्या १२० किलोमीटरसाठी तरंग ७८ अंशांनी, म्हणजे जवळजवळ उभाच वर पाठवावा लागतो. पाव तरंगाची उभी अँटेना आदर्श जमिनीवरसुद्धा त्या कोनात आपल्या कमाल शक्तीचा पस्तिसावा हिस्सादेखील धड देत नाही. तिच्या डोक्यावर एक पोकळी असते. जमिनीलगत सरकणारा तिचा भूतरंग काही अंतर जातो, पण सह्याद्रीसारखी भिंत मध्ये असताना त्यावर भिस्त ठेवता येत नाही. याउलट दहा-बारा मीटरवर टांगलेली आणि ‘ढगांना तापवणारी’ म्हणून हिणवली जाणारी डायपोल हे काम सहज करते. मुंबई ते नागपूर या ७०० किलोमीटरांसाठी लागणारा कोन चाळीस अंशांच्या आसपास उतरतो आणि तेथे दोन्ही अँटेनांची तुल्यबळ लढत होऊ शकते. त्याहून जवळच्या सर्व अंतरांवर आडवी तार निर्विवादपणे सरस आहे.

हा भेद आकाशवाणीने फार पूर्वीच व्यवहारात आणलेला आहे. मध्यम लहरींच्या तिच्या केंद्रांवर उंच उभे मनोरे आणि त्यांच्या पायाशी जमिनीत पुरलेल्या तारांचे जाळे असते, कारण दिवसा आसपासच्या जिल्ह्यांना भूतरंगाने ऐकू जायचे असते. आणि प्रादेशिक लघुलहरींवर, उदाहरणार्थ मुंबई केंद्राच्या ४८४० किलोहर्ट्झसारख्या वारंवारतेवर, डोंगराळ भागांसह संपूर्ण राज्याला कवेत घ्यायचे असल्यामुळे तरंग वर फेकून खाली पाडण्याची रीत अवलंबली जात असे. भारताच्या आकाशाचीही या रीतीला साथ आहे. चुंबकीय विषुववृत्ताच्या, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्ररेषा जेथे आडव्या असतात त्या रेषेच्या, दोन्ही बाजूंना काही अंतरावर आयनांबर असाधारण दाट होते आणि त्याचा उत्तरेकडचा पट्टा मध्य भारतावरून जातो, त्यामुळे भर दिवसा ७ मेगाहर्ट्झचा उभा पाठवलेला तरंग येथे बहुधा परत येतो, तर उत्तर युरोपात सौर चक्राच्या मंदीच्या वर्षांत तोच तरंग अवकाशात निघून जातो. रात्री हे काम ३.५ मेगाहर्ट्झकडे सोपवावे लागते. कमी उंचीची आडवी तार ही गरिबाची नाइलाजाची अँटेना, अशी जी समजूत आयात झाली आहे, ती येथे फेरविचारास पात्र आहे.

आयात झालेल्या समजुतींपैकी सर्वांत दुर्लक्षित राहिलेली समजूत १६० मीटरच्या पट्ट्याविषयी आहे. तेथे उभी अँटेनाच हवी, असे जवळजवळ सर्वत्र लिहिलेले आढळते, आणि त्याला आधार म्हणून उंचीचे गणित दिले जाते, जे खरेही आहे. मात्र या वारंवारतेवर पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र तरंगाच्या वाटचालीत हस्तक्षेप करते. आयनांबरात शिरताना तरंग दोन घटकांत विभागला जातो. त्यांपैकी ‘असाधारण’ म्हटला जाणारा घटक या वारंवारतांवर अधिक शोषला जातो आणि ‘साधारण’ घटक तुलनेने सुखरूप पलीकडे जातो. न्यूयॉर्क किंवा लंडन येथे चुंबकीय क्षेत्ररेषा जमिनीत पासष्ट अंशांहून अधिक तिरप्या शिरतात, म्हणून उभे विद्युतक्षेत्र साधारण घटकाशी चांगले जुळते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर हा नतिकोन, म्हणजे क्षितिजाशी क्षेत्ररेषेचा झुकाव, तीस अंशांहूनही कमी आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचे चुंबकीय काम १९०४ मध्ये ज्या अलिबागला हलवण्यात आले, तेथील उपकरणांवर हाच कोन शतकाहून अधिक काळ मोजला जात आहे. दक्षिणेकडे तो आणखी घटत जातो आणि भारताच्या दक्षिण टोकाजवळ शून्याला टेकतो; थुंबा येथे १९६३ मध्ये अग्निबाणांचे प्रक्षेपण केंद्र उभारले गेले ते चुंबकीय विषुववृत्ताच्या याच सान्निध्यामुळे. क्षेत्ररेषा जेथे जवळजवळ आडव्या आणि दक्षिणोत्तर असतात तेथे पूर्व-पश्चिम जाणाऱ्या तरंगाचा साधारण घटक आडव्या ध्रुवणाचा असतो, आणि उभ्या अँटेनाची शक्ती मोठ्या प्रमाणावर असाधारण घटकात जाऊन वाया जाते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या मध्यम लहरींसाठीच्या गणनपद्धतीत या हानीसाठी वेगळे पद ठेवलेले आहे. तिच्या सूत्राने चुंबकीय विषुववृत्तावर थेट पूर्व-पश्चिम मार्गासाठी ती वीस डेसिबलांच्याही पुढे जाते, म्हणजे शंभर वॉटचा एक वॉटही उरत नाही.

तरीही या मुद्द्याचा अतिरेक होऊ नये. त्याच सूत्रात पश्चिम महाराष्ट्राचा नतिकोन घातला तर पूर्व-पश्चिम मार्गावर चार-पाच डेसिबलांची हानी निघते, आणि मार्ग जसजसा तिरपा होतो तसतशी ती घटते. मुंबईहून लंडन वायव्येला असल्यामुळे तेथे ती दीड डेसिबलाएवढीच उरते. १६० मीटरवर वीस मीटर उंचीच्या आडव्या तारेची लहान कोनांवरील तूट याहून कितीतरी मोठी असते. तेव्हा सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरचा चालक युरोपसाठी उभ्या अँटेनाला चिकटून राहिला तर ते योग्यच होईल, पण तिरुनेलवेलीच्या चालकाने पूर्वेकडच्या देशांसाठी तोच सल्ला डोळे मिटून पाळणे शहाणपणाचे नाही, आणि त्याला तसा सल्ला देणारे पुस्तक ज्या अक्षांशावर लिहिले गेले तेथून त्याची अडचण दिसण्याची शक्यताच नव्हती.

वादाची आणखी एक बाजू बहुतेक वेळा पाठवण्याच्या गोष्टींतच हरवून जाते, ती ऐकण्याची. या पट्ट्यांवर अडचण बहुधा संदेश पोहोचण्यात नसून गोंगाटातून तो वेगळा काढण्यात असते. शहरातल्या एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, इन्व्हर्टर आणि स्वस्त चार्जर यांचा गोंगाट जमिनीलगत पसरतो, आणि जमिनीलगत आडव्या ध्रुवणाचे तरंग फार लवकर विरत असल्यामुळे अँटेनापर्यंत पोहोचलेल्या गोंगाटात उभ्या ध्रुवणाचे प्रमाण अधिक असते. उभी अँटेना तो निमूटपणे गोळा करते. म्हणून उत्तम पाठवणारी अँटेना तितकीच उत्तम ऐकते, हा नियम वरच्या पट्ट्यांवर चालला तरी येथे टिकत नाही आणि ऐकण्यासाठी वेगळी अँटेना लावणे ही चैन न राहता गरज बनते. हौशी चालकांना हे शंभर वर्षांपूर्वीच कळले होते. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकेतल्या हौशी संघटनेने पॉल गॉडली यांना स्कॉटलंडमधील आर्ड्रोसन येथे पाठवले तेव्हा अटलांटिकपलीकडचे हौशी केंद्रांचे संदेश त्यांनी किनाऱ्यावरच्या तंबूत बसून ऐकले, ते एका लांबलचक तारेवर. ती सुमारे ४०० मीटर लांब होती आणि जमिनीपासून जेमतेम तीन-चार मीटर उंच होती. तिचा संशोधक हॅरल्ड बेव्हरेज याचे नाव तिला आजही आहे.

बेव्हरेज अँटेना दिसायला पूर्णपणे आडवी असते आणि ऐकते मात्र उभ्या ध्रुवणाचे तरंग. उभा तरंग पूर्ण संवाहक नसलेल्या जमिनीवरून सरकताना त्याचे पाय मातीत ओढले जातात, माथा पुढे झुकतो, आणि या झुकावामुळे त्याच्या क्षेत्राचा एक छोटा घटक आडव्या तारेच्या दिशेत येतो. तारेच्या संपूर्ण लांबीवर तो साठत जातो आणि टोकाला रिसीव्हरपर्यंत पोहोचतो. जमीन जितकी निकृष्ट, तितका झुकाव अधिक आणि ही अँटेना तितकी चांगली. खाऱ्या पाण्याजवळ ती निष्प्रभ होते. ज्या जांभ्याच्या सड्यावर उभ्या खांबाचे काही चालत नाही, त्याच सड्यावर तीन मीटर उंचीच्या काठ्यांवरून दोनशे-तीनशे मीटर साधी तार युरोपच्या दिशेने ओढली तर किनाऱ्यावरच्या शेजाऱ्याला जे केंद्र ऐकू येत नाही ते येथे ऐकू येण्याची शक्यता असते. उत्तर द्यायचे ते मात्र त्या शेजाऱ्याच्या खांबावरून.